क्वांटम नेटवर्कमध्ये यायचंय? आधी डेसिबल शिका

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, ‘दादा, बी.एस्सी. झालं, क्वांटम नेटवर्कवर (क्वांटम संगणक एकमेकांना जोडण्यावर) काम करायचंय, काय वाचू?’ मी उलट विचारतो, डेसिबलचा हिशेब येतो का?

कुलाबा ते पवई फायबर तीसेक किलोमीटर धरा. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाला किलोमीटरमागे 0.2 डेसिबल गळती, म्हणजे एकूण 6; दर 3 डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणून पवईला चौथा हिस्सा पोचतो. आता सुपरकंडक्टिंग क्युबिट घ्या, म्हणजे विनारोध वीज वाहणाऱ्या धातूचा, क्वांटम संगणकाचा एक ‘बिट’. तो बोलतो 5 गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये, आणि खोलीच्या तापमानाला त्या वारंवारतेवर उष्णतेचेच हजारभर फोटॉन (प्रकाशकण) गोंगाट करत असतात. त्यात आपला एक कुठे शोधणार? म्हणून क्युबिट खास फ्रिजमध्ये 10-20 मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, ठेवतात. झुरिचच्या ईटीएचने 2023 मध्ये दोन क्युबिट 30 मीटरच्या थंड नळीतून जोडून बेल चाचणी (दोघांमधलं नातं खरोखर क्वांटम आहे का, याची परीक्षा) केली, पण कुलाब्यापासून पवईपर्यंत अशी नळी कोण टाकणार!

म्हणून मायक्रोवेव्ह फोटॉनचा फायबरमधून जाणारा प्रकाश करायचा. दोघांच्या ऊर्जेत जवळजवळ 40 हजार पटींचा फरक. लिथियम नायोबेट या स्फटिकाच्या चिपवर पंप लेझरच्या (फरकाची ऊर्जा पुरवणाऱ्या लेझरच्या) मदतीने हे जमतं, पण तोच लेझर घात करतो. सांडलेला प्रकाश क्युबिटच्या ॲल्युमिनियममधल्या कूपर जोड्या (विनारोध वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) फोडतो, चिप तापते. तळाशी फ्रिज किती उष्णता खेचतो ते मायक्रोवॅटमध्ये मोजतात, त्यामुळे लेझर वाढवून चालत नाही. माझ्या मते या विषयाचं खरं भांडण उष्णतेशीच आहे.

लॅबमधलं पहिलं काम मात्र केबलचं. फ्रिजच्या 4 केल्विनच्या मजल्यावर 20 डेसिबलचा ॲटेन्युएटर (वरून येणारा गोंगाट दाबणारा), खालच्या थंड मजल्यांवर आणखी. छोटा टॉर्क रेंच ‘टक्’ करून सुटेपर्यंत कनेक्टर आवळायचा, त्यापुढे नाही. पावसाळ्यात फ्रिज पूर्ण गरम व्हायच्या आत उघडलात तर मुंबईची हवा आतल्या तांब्यावर पाणी धरते. एक कूलडाउन, म्हणजे फ्रिज पुन्हा थंड करणं, म्हणजे दोन-तीन दिवस, एक सैल कनेक्टर तेवढे खातो.

प्रवेशाचं थोडक्यात: टीआयएफआरला (कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था) तिची स्वतःची जीएस परीक्षा, आयआयटीत पीएच.डी.ला गेट किंवा नेट. टीआयएफआरचा व्हीएसआरपी, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम, मिळाला तर सोडू नका. 2023 च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये 6003.65 कोटी मंजूर झाल्यापासून या विषयाची चर्चा वाढली आहे, पण मुलाखतीत मिशनबद्दल बोलू नका. नेटवर्क ॲनालायझरवर (वेगवेगळ्या वारंवारतांना किती सिग्नल पार जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) रेझोनन्सची खाच कशी दिसते, तिच्या रुंदीवरून गळती कशी काढायची, हे फळ्यावर काढून दाखवा.