कलेजी-गुर्दा घेताना या चुका टाळा

रविवारी सकाळी नागपुरातल्या मटणाच्या दुकानात हे वाक्य हमखास कानावर पडतं : "भाऊ, थोडी कलेजी-गुर्दा टाकजो, पोरीचं रक्त कमी आहे." पहिली चूक इथेच होते. कलेजी आणि गुर्दा एकाच पिशवीत येतात, म्हणून त्यांचा गुणही एकच धरला जातो.

कलेजीत लोह भरपूर असतं आणि ते अंगी लागतं. गुर्द्यातही लोह, सेलेनियम असतं. पण चाऱ्यातून, पाण्यातून जनावराच्या पोटात गेलेला कॅडमियम हा विषारी धातू सर्वांत जास्त साठतो तो गुर्द्यातच. युरोपातल्या नियमातही गुर्द्यासाठी किलोमागे १ मिलिग्रॅम आणि कलेजीसाठी अर्धा मिलिग्रॅम अशी वेगवेगळी मर्यादा आहे.

"आम्ही गुर्दा साफ करून घेतो" असं म्हणणारे भेटतात. मीही त्यातलाच होतो. उभा चिरायचा, मधला पांढरा भाग कापून फेकायचा आणि दुधात भिजवायचा. त्याने लघवीचा वास जातो, एवढंच. कॅडमियम असतं बाहेरच्या तपकिरी थरात, म्हणजे आपण चवीने खातो त्याच भागात! सावजी मसाल्यात कितीही वेळ परता, धातू जळून जात नाही.

जनावराचं वय न विचारणं ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक. कॅडमियम वर्षागणिक साठत जातं. त्यामुळे कोवळ्या बोकडाचा गुर्दा आणि म्हाताऱ्या बकरीचा गुर्दा यांत फरक पडतो. मेंढीचं आणखी वेगळं : तिला जादा तांबं पित्तावाटे नीट बाहेर टाकता येत नाही, ते कलेजीत साचतं. १०० ग्रॅम मेंढीच्या कलेजीत साधारण ७ मिलिग्रॅम तांबं असतं, कोंबडीच्या कलेजीत जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. लोह मात्र कोंबडीच्या कलेजीतही ९ मिलिग्रॅमच्या आसपास, शिवाय ती स्वस्त. रक्तासाठीच घ्यायची तर मी तीच घेतो.

विल्सन आजार असलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्या शरीरात तांबं साचतं त्यांनी, कुठलीच कलेजी खाऊ नये.

गरोदर सुनेला प्रेमाने कलेजी वाढू नका. १०० ग्रॅममध्येच अ जीवनसत्त्व दिवसाच्या ३००० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जातं आणि ते बाळाला बाधू शकतं. बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा, लहान वाटीभर खावी. गुर्दा त्याहून कमी, महिन्याकाठी एखाद्या वेळी.