क्राफ्ट बिअर महोत्सवाचा आस्वाद कसा घ्यावा

सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मुरलेला इंदूरकर पहिल्याच दुकानावर पोट भरून घेत नाही. दहीवड्याची एक प्लेट चौघांत, पुढे भुट्ट्याचा कीस, थंडीचे दिवस असतील तर गराडू (तळलेला कंद), आणि शेवटी त्या ताटलीभर जलेब्यासाठी राखून ठेवलेली जागा, अशी त्याची फेरी ठरलेली असते. पुण्याला किंवा बंगळुरूला क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या उत्पादकांच्या बिअरच्या, महोत्सवासाठी जाणारी आपल्याकडची मंडळी मात्र नेमके हेच कौशल्य घरी ठेवून जातात. मीही त्यातलाच. पुण्यातल्या एका महोत्सवात आल्या आल्या मी आठ टक्के अल्कोहोलच्या स्टाउट या काळ्या बिअरचा पूर्ण ग्लास संपवला. त्यानंतरची पिल्सनर ही फिकट, नाजूक बिअर मला पाण्यासारखी लागली आणि त्याचा दोष मी बराच वेळ ती बनवणाऱ्याला देत राहिलो.

निघण्यापूर्वीची तयारी थोडकीच आहे. व्यवस्थित जेवून जावे, ओळखपत्र सोबत ठेवावे, आणि मद्यपानाचे किमान वय राज्यागणिक बदलते (मध्य प्रदेशात ते 21 वर्षे आहे) हे बरोबरच्या तरुणांना आधीच सांगावे. परतीच्या टॅक्सीचे मात्र घरूनच ठरवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे, आणि ही मर्यादा किती लवकर ओलांडली जाते याचा अंदाज पिणाऱ्याला स्वतःला येत नाही.

आत गेल्यावर लगेच रांगेत उभे राहू नये. एक फेरी मारून पाट्या वाचाव्यात, प्रत्येक बिअरचा प्रकार आणि अल्कोहोलचे प्रमाण पाहावे, आणि सहा-सात नावांवर खूण करावी. त्याहून अधिक चाखण्याचा मोह आवरावा, कारण हिशेब सोपा आहे: 100 मिलिलिटरचे आठ नमुने म्हणजे 800 मिलिलिटर, अर्थात नेहमीच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीहून बरेच जास्त, आणि त्यांतल्या काही बिअर सात-आठ टक्क्यांच्या असल्या तर फरक आणखी वाढतो. दोघांत एक नमुना घेणे हा सर्वांत शहाणा मार्ग होय.

क्रम लावताना रंगावर विसंबू नये. काळा रंग भाजलेल्या जवातून येतो, त्याचा अल्कोहोलशी संबंध असेलच असे नाही. गिनेसची ड्राफ्ट स्टाउट जेमतेम 4.2 टक्क्यांची असते. सौम्य चवीकडून तीव्र चवीकडे जावे: आधी पिल्सनर, जिची सुरुवात 1842 साली बोहेमियातल्या पिल्झेन गावी झाली; मग गव्हाची बिअर; त्यानंतर हॉप्स या फुलांमुळे कडवट झालेली आयपीए (इंडिया पेल एल); आणि शेवटी भाजक्या किंवा गोड चवीच्या जड बिअर. एकदा हॉप्सचा कडवटपणा जिभेवर बसला की आधीच्या पायरीवर परतणे कठीण जाते.

प्रत्यक्ष चाखताना घाई करू नये. ग्लास अर्ध्याहून कमी भरलेला असावा, तो हलकेच फिरवावा, आणि पिण्याआधी वास घ्यावा. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळे किंवा लवंग घातलेली नसते, ही यीस्टचीच करामत असते, आणि तिचा गढूळपणाही न गाळल्यामुळे आलेला असतो, खराबीमुळे नव्हे. वास लागतच नसेल तर बिअर बहुधा फार थंड असते. अशा वेळी ग्लास तळहातात दोन-तीन मिनिटे धरून बसावे. स्टाउटमधली कॉफीची छटा तर थंडी थोडी उतरल्यावरच वर येते. उलट बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव आली तर ती शिळी आहे, आणि व्हिनेगरसारखी आंबट झाक आली, तीही आंबट नसलेल्या प्रकारात, तर बहुधा बिअर येते त्या नळ्या स्वच्छ नाहीत, असे समजून शांतपणे दुसरा नमुना मागावा.

प्रत्येक नमुन्यानंतर तेवढेच पाणी प्यावे आणि त्याच पाण्याने ग्लासही विसळावा. मध्ये तोंडात टाकायला साधे मुरमुरे, पाव किंवा बिनतिखटाचे शेंगदाणे पुरेत. घरून आणलेली शेव आणि जिरावण हा इंदुरी मसाला, जे आपण इंदूरची माणसे प्रवासात हमखास बरोबर घेतो, ते चाखणे संपेपर्यंत पिशवीतच राहू द्यावे: जिरावणातल्या हिंगापुढे पिल्सनरचा निभाव लागत नाही, आणि तिखटावर आयपीए घेतली तर जळजळ वाढते.

नोंद ठेवायला मोबाइल चालतो, पण मला खिशातली वही बरी वाटते, कारण एका हाताने ग्लास सांभाळत मोबाइलवर लिहिणे जमत नाही. ओळ छोटी असावी: ‘गव्हाची, 5 टक्के, केळे स्पष्ट, लवंग कमी, पोह्यांबरोबर जमेल.’ ‘छान’ किंवा ‘भारी’ लिहिले तर महिन्याभराने त्यातून काहीच आठवत नाही. गर्दी कमी असताना, म्हणजे दुपारी, बिअर बनवणाऱ्यांशी बोलावे. कोणते माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), कोणते हॉप्स, किती दिवस आंबवली, असे विचारले की ते खुलतात.

ठरवलेली नावे संपली की वही उघडून त्यांतली सर्वांत आवडलेली एक निवडावी, आणि टॅक्सीला अजून वेळ असेल व डोके हलके झालेले नसेल, तरच तिचा एक पूर्ण ग्लास घेऊन कडेच्या बाकावर निवांत बसावे. शेवेची पिशवी उघडायला आता हरकत नाही.