समुद्रकिनारी सुट्टी आणि नेमका पाऊस: दिवसाचं काय करायचं?

उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर पाऊस सुरू झाला की आधी तो कोणता पाऊस आहे हे ओळखा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

जमीन तापून उठलेल्या ढगांची सर बहुधा दुपारनंतर येते, धो धो कोसळते आणि तासाभरात ओसरते. कमी दाबाच्या पट्ट्यामुळे लागलेली झड वेगळी. तेव्हा आभाळ सगळीकडे सारखंच राखाडी दिसतं आणि पाऊस तासन्‌तास हटत नाही. फोनवर रडारची मागच्या तासाभराची हलती चित्रं बघा. सुटे ठिपके सरकत असतील तर मधे उघडीप मिळेल, तयार राहा. सलग चादर दिसली तर आजचा दिवस घरातला समजा. नुसतं "पावसाची शक्यता ८० टक्के" वाचून अख्खा दिवस रद्द करू नका. त्यात दोन छान कोरडे तास लपलेले असू शकतात.

विजेच्या बाबतीत मात्र घासाघीस नको. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर आहे. आकडा ३० सेकंद किंवा कमी आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद काचांच्या गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. मोकळ्या पुळणीवर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. छत्री, झाड किंवा झावळ्यांची उघडी झोपडी विजेपासून वाचवत नाही. पोहण्याच्या तलावातूनही बाहेर यायचं.

पाऊस थांबला म्हणून लगेच समुद्रात उडी मारू नका. मोठ्या पावसाचं पाणी जमिनीवरची घाण, सांडपाणी आणि ओंडके घेऊन येतं, म्हणून नदी-नाल्याच्या मुखाजवळ आणि गढूळ पाण्यात दोन-तीन दिवस पोहणं टाळलेलं बरं. स्नॉर्केलिंगलाही अशा पाण्यात काही दिसत नाही, पैसे वाया जातात.

उघडिपीचा सर्वांत चांगला उपयोग म्हणजे किनाऱ्यावर शंख-शिंपले शोधत फिरणं. लाटांनी रात्रभर उपसलेला माल तेव्हाच ताजा असतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे ६ तास १२ मिनिटं जातात. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघालात तर पाणी हटत असताना चालता येतं. शेवाळ आणि काड्यांची जी ओळ भरतीने मागे सोडलेली असते ती धरून चला. पायात चप्पल हवी. निळसर, फुग्यासारखी ब्लू बॉटल (जेलीफिशसारखा समुद्री जीव) किनाऱ्यावर मरून पडलेली असली तरी तिचे धागे डंख करतात. डंख झालाच तर चिकटलेले धागे काढून समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग तो भाग साधारण ४५ अंशांच्या, सोसेल इतक्याच गरम पाण्यात २० मिनिटं ठेवा. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट डॉक्टर.

शंख पिशवीत टाकण्यापूर्वी बशीभर समुद्राच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून बघा. हलला तर आत कोणीतरी राहतंय, जिथून घेतला तिथेच सोडा. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख तर हातातही घेऊ नका, त्यातल्या काही जातींचा डंख जीवघेणा असतो. संरक्षित किनाऱ्यांवर रिकामे शिंपलेही नेता येत नाहीत, आधी चौकशी करा. घरी नेण्याजोगे शिंपले एक-दोन दिवस गोड्या पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, जुन्या टूथब्रशने घासा आणि सावलीत वाळवा. व्हिनेगर वापरू नका. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लाने तो झिजतो.

वाळूचा किल्ला करायचा असेल तर पावसानंतरची वेळ सोन्यासारखी. ओल्या कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं, कोरड्या वाळूत ती पकडच नसते. पण पावसाने बऱ्याचदा वरचाच थर भिजतो, खाली वाळू कोरडी निघते. म्हणून बूड कापलेली बादली घ्या, १० सेंटिमीटरचा थर भरा, पाणी ओता, मुठीने ठोका, मग पुढचा थर. बादली हळू वर उचला आणि कोरीव काम वरून खाली करत या, नाहीतर पडणारी वाळू खालचं नक्षीकाम बुजवते. कडा तडकल्या तर ठोकणं कमी पडलं. सगळं लगद्यासारखं खाली बसलं तर पाणी निथळायला वेळ दिला नाही. खड्डा सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, आणि निघताना बुजवून टाका. वाळूची भिंत सांगून कोसळत नाही.

झड लागली असेल तर मुलांना पर्जन्यमापक करायला द्या. सरळ बाजूंच्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा कापून उलटा आत बसवा, झालं नरसाळं. तळ खाचांचा असतो, त्यामुळे खाचा बुडेपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. छपराच्या पागोळ्या आणि झाडांपासून दूर ठेवा, नाहीतर आकडा फुगतो. १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. १० चौरस मीटरच्या गच्चीवर २० मिलिमीटर पडला तर २०० लिटर! मुलं आधी अंदाज लावतात, मग भांडतात, तासभर जातो.

दुसरा उद्योग गाठींचा. बोलाइन शिका: टोकापासून हातभर अंतरावर छोटा वेढा घ्या, टोकाकडची दोरी वर राहील असा. टोक त्या वेढ्यातून खालून वर काढा, लांब दोरीच्या मागून फिरवा आणि त्याच वेढ्यातून परत खाली घालून आवळा. गाठ सुटून येत असेल तर पहिला वेढा उलटा पडलाय. याच दोरीवर खोलीत कपडे वाळवता येतात. पण आधी ते गोड्या पाण्यात पिळा, कारण मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि खाऱ्या पाण्याचा कपडा चिकटच राहतो. मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर पाय देऊन उभे राहा, आणि पंख्याखाली किंवा एसीच्या ड्राय मोडवर टांगा. दमट बाल्कनीत फक्त कुबट वास मिळेल.

कॅमेरा एसीतून थेट बाहेर काढला की काचेवर धुकं जमतं. बाहेर नेण्यापूर्वी तो खोलीतच हवाबंद पिशवीत घाला आणि बाहेर आल्यावर अर्धा तास ती उघडू नका. ढग असले तरी सनस्क्रीन लावा, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण येतात. डासांचं मलम त्यानंतर.

इंद्रधनुष्य बघायचं तर सूर्य पाठीशी हवा आणि क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा खाली. म्हणजे सकाळी पश्चिमेकडे, संध्याकाळी पूर्वेकडे. सूर्य डोक्यावर असताना कितीही ऊन-पाऊस चालला तरी वर बघत मान दुखवून घेऊ नका.