मदतीचा एक वार ठरवा

रोज एक चांगलं काम करा, हा सल्ला सगळेच देतात. मला तो तितकासा पटत नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की व सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेल्या प्रयोगात पाच छोट्या मदती एकाच दिवशी उरकणाऱ्यांचा आनंद वाढला. आठवडाभर विखरून करणाऱ्यांचा नाही.

तेव्हा एक वार धरा, शनिवार म्हणा. बेळगावच्या बसस्थानकावर कन्नड पाटीकडे बघत उभी असलेली आजी दिसली, की "आजी, खानापूरची हीच गाडी, चढा" म्हणत पिशवी वर द्या. बँकेत कुणाचा कन्नड अर्ज भरून द्या (पेनही आपलंच, परत येईल याची खात्री नाही). आजारी शेजाऱ्याची विचारपूस करा. कामं मात्र बदलती ठेवा. तेच ते केलं की मन त्याला सरावतं.