चामड्यावर नाव लिहायचंय आणि ते पुसलं जाता कामा नये? मग असं करा

हाताने पाकिटं, बेल्ट, कीचेन, डायरीची कव्हरं बनवणारे आता बरेच झालेत आणि नाव टाकायची वेळ आली की सगळ्यांचा प्रश्न एकच, पेन कोणतं घेऊ? माझं म्हणणं असं की पेनचा विचार सगळ्यात शेवटी करा, आधी हातातलं चामडं कसलंय ते बघा. तीच शाई एका चामड्यावर वर्षानुवर्षं टिकते आणि दुसऱ्यावर सॅनिटायझरच्या बोटाने निघून येते, आणि शिव्या खातं बिचारं पेन.

चामडं ओळखा

मुख्य दोन प्रकार. एक व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या साली-फळांत कमावलेलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यात राहत असाल तर २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या या चपलेचे कारागीर तुमच्या जवळपासच आहेत, त्यांना विचारलं तर चामडं कुठून घ्यायचं ते कळेल. दुसरं क्रोम टॅन, क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, मऊ, लवचिक, लवकर तयार होणारं. जगातलं बहुतेक चामडं हेच. धारावीत चौरस फुटावर घेताना दुकानदाराला सरळ विचारायचं, व्हेज आहे का क्रोम, ते सांगतात.

विचारायची सोय नसेल तर रापीने (चामडं कापायच्या पात्याने) एक कोपरा कापून कड बघा. व्हेज टॅन आतपर्यंत तपकिरी असतं, क्रोममध्ये पुष्कळदा मधे निळसर-राखाडी थर दिसतो (आरपार रंगवलेलं असलं तर मात्र हे कळत नाही). मग पाण्याचा एक थेंब टाका. थेंब आत मुरला आणि तिथे गडद डाग पडला तर वर कोटिंग नाही, शाई आत जाईल. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर वर फिनिश मारलेलं आहे, तिथे तुम्ही काहीही लिहा ते फिनिशवर बसणार, चामड्यात नाही. पुढची पद्धत या थेंबावर ठरते.

आणि हो, रेक्झिन असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

सगळ्यात पक्कं म्हणजे शाईच नको

कच्चं, म्हणजे वर फिनिश नसलेलं, व्हेज टॅन असेल तर अक्षरं दाबून उठवणं याला तोड नाही, शाईच नाही म्हटल्यावर पसरणार काय. इंग्रजी अक्षरांचे स्टीलचे पंच सहज मिळतात. देवनागरीत मात्र एकेक अक्षर ठोकून काम होत नाही, कारण शिरोरेघ जुळत नाही, वेलांटी कुठे आणि मात्रा कुठे अशी गत होते. त्यापेक्षा पूर्ण नावाचा ब्लॉक करून घ्या. लग्नपत्रिका छापणाऱ्यांना ब्लॉक करणारे माहीत असतात, मुंबईत गिरगावात खाडिलकर रोडला चौकशी करा, इतर शहरांत छापखान्यांच्या गल्लीत. सांगताना 'चामड्यासाठी पाहिजे, खोल करा' असं बजावून सांगा, कागदासाठीचा उथळ ब्लॉक चामड्यावर नुसता भास उमटवतो. फॉन्ट जाडसर आणि मोकळा घ्या. अक्षराची उंची सहा-सात मिलिमीटरच्या खाली गेली की ष, क्ष, ब यांची पोटं बुजतात आणि अनुस्वार तर गायबच होतो.

दाबायच्या आधी चामडं ओलं करायचं, आणि सगळी कला इथेच आहे. स्पंजने दोन्ही बाजूंनी सारखं पाणी फिरवा, नुसत्या नावाच्या जागी लावलं तर तिथे पाण्याची रेघ कायमची बसते. मग थांबा. ओलं झाल्यावर चामडं गडद होतं, हळूहळू मूळ रंगावर यायला लागतं, आणि रंग जवळजवळ परत आलाय पण गालाला लावलं तर अजून गार लागतंय, ती वेळ बरोबर. त्याच्या आधी दाबलं तर अक्षर फुगून परत वर येतं, उशीर झाला तर कड उमटत नाही. ब्लॉक ठेवायचा, वर सपाट फळी, आणि सी-क्लॅम्पने घट्ट आवळून एखाद-दोन मिनिटं सोडून द्यायचं. मोगरीने ठोकायला जाऊ नका, ब्लॉक हलला की दुहेरी अक्षर उठतं आणि त्याला इलाज नाही.

छापखानेवाले गरम करून सोनेरी फॉइलही मारून देतात. दिसतं झकास, पण खिशात रोज घासणाऱ्या पाकिटावर सोनं काही काळाने जातं, दबलेलं अक्षर तेवढं राहतं. डायरीवर मारा, पाकिटावर नको.

काळं अक्षर, तेही चामड्यातूनच

हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. व्हेज टॅनमध्ये टॅनिन, म्हणजे साली-फळांतला तुरट पदार्थ, असतं, टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग तयार होतो, आणि तो वरून लावलेला रंग नसतो, चामड्याच्या धाग्यांतच तयार होतो, त्यामुळे घासून जायचा प्रश्न नाही. कलमकारीतलं काळं असंच, हिरड्यात बुडवलेल्या कापडावर गूळ आणि लोखंड आंबवलेलं पाणी. ओल्या व्हेज टॅनवर गंजकी आरी पडून राहिली की काळा डाग पडतो तोही याच कारणाने (ताजा असेल तर लिंबाच्या रसाने बराच फिका होतो). आपण तोच डाग मुद्दाम पाडायचा, अक्षराच्या आकारात.

पांढरं व्हिनेगर अर्धा लिटर आणि स्टील वुलचा एक गोळा घ्या. स्टील वुल हार्डवेअरच्या नाहीतर पॉलिशच्या दुकानातलं, भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी नको, ती बहुतेक वेळा स्टेनलेसची असते आणि विरघळायचं नाव घेत नाही. शंका असेल तर तुकडा ओला करून रात्रभर ठेवा, सकाळी गंजला तर कामाचा. त्याला तेल लावलेलं असतं म्हणून भांड्याच्या साबणाने धुऊन घ्या, मग काचेच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवा. झाकण घट्ट लावायचं नाही, आतून हायड्रोजन निघत असतो, बरणी फुटू शकते, गॅसच्या शेगडीजवळही ठेवू नका. साधारण आठवडाभरात बुडबुडे थांबतात, मग फडक्यातून गाळून घ्या.

हे पाणी पातळ असतं, तसंच लिहिलं तर धाग्यांतून पसरतं आणि अक्षराला मिशा फुटतात. लागेल तेवढंच वाटीत काढून त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी घाला, किंचित दाट होऊ द्या, पण कालवून साठवून ठेवू नका. अजून नेमकं हवं असेल तर आधी अक्षराची कड धारदार पात्याने हलकी कोरून घ्या, वरचा थरच फक्त, रंग त्या रेघेशी पुष्कळसा थांबतो. लिहायला बारीक ब्रश चालतो, पण देवनागरीसाठी तिरका कापलेला बोरू घेतला तर जाड-बारीक वळणं आपोआप येतात. फाउंटन पेनमध्ये भरू नका, निब खाऊन टाकेल.

लिहिताना पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसती ओली रेघ. घाबरून परत गिरवू नका. बघता बघता ती राखाडी होते, मग निळसर, मग काळी. तरीही फिकीच राहिली तर चामड्यात टॅनिन कमी आहे, हिरड्याची पूड काष्ठौषधीच्या दुकानातून आणून गरम पाण्यात भिजवा, गाळा, ते पाणी आधी पूर्ण तुकड्यावर फिरवा, वाळवा आणि मग लिहा. कडक कोरा चहासुद्धा चालून जातो.

काळं झालं की अर्धा चमचा खायचा सोडा ग्लासभर पाण्यात विरघळवून स्पंजने हलकं पुसा, मग साध्या पाण्याने पुसा. आंबटपणा आत राहिला तर चामडं कालांतराने ठिसूळ होतं म्हणून ही पायरी टाळायची नाही, पण सोडा जास्त झाला तरी चामड्याला त्रासच. थोडं दमट असतानाच नीट्सफूट ऑइलचा (गुरांच्या पायांपासून काढलेलं, चामडं मऊ ठेवणारं तेल) पातळ हात द्या. तेलाने आजूबाजूचं चामडं गडद होतं, त्यामुळे अक्षर उठून दिसायला मूळ चामडं फिकट घेतलेलं बरं.

फिनिश असलेल्या चामड्यावर

पर्स, तयार पाकीट, रंगीत क्रोम टॅन, इथे वरच्या दोन्ही गोष्टी चालत नाहीत. इथे रंग वर बसवायचा आणि तो धरून राहील असा बसवायचा, म्हणजे ॲक्रिलिक.

आधी जिथे लिहायचं तेवढ्याच जागी शुद्ध ॲसिटोन कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसा. नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात पुष्कळदा तेल आणि सुगंध असतो, तो मागे राहतो आणि रंग धरत नाही. खिडकी उघडी, शेगडी बंद. कापसाला थोडा रंग आणि चकाकी आली की बस, जास्त घासलं तर भोवती फिका डाग दिसतो. आधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला करून बघा.

रंग चामड्यासाठीचाच घेतला तर उत्तम, अँजेलस या ब्रँडसारखे ऑनलाइन मिळतात. ते जमत नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातल्या ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम (रंग लवचिक करणारं द्रव) मिसळा, नुसतं ॲक्रिलिक वाकवलं की तडकतं. पाणी घालून पातळ करा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा. हात स्थिर नसेल तर ॲक्रिलिक पेंट मार्कर घ्या, बारीक टोकाचा, चांगला हलवून आधी कागदावर चालवून. घडी पडते त्या जागी नाव टाकू नका, तिथे कुठलाच रंग टिकत नाही.

साध्या परमनंट मार्करबद्दल थोडक्यात सांगतो. त्यात अल्कोहोलमधला डाय असतो, कच्च्या चामड्यावर तो पसरतो, फिनिशवर तो सॅनिटायझर किंवा डिओने निघतो, उन्हात काळ्याचा जांभळट होतो. डब्याच्या झाकणावर लिहायला छान आहे. बॉलपेनने तर आखणीसुद्धा करू नका, ती शाई आत सरकत राहते. आखणीला संपलेली रिफिल घ्या, बटर पेपरवर नाव, खाली दमट व्हेज टॅन, वरून दाबून गिरवलं की ठसा उमटतो. फिनिशवाल्यावर आखणीचं सिल्व्हर पेन चालतं, नंतर पुसता येतं, पण कच्च्यावर तेही पुसलं जात नाही.

ट्रॉफीवाल्यांकडे लेझर असतो, व्हेज टॅनवर छान अक्षर जाळून देतात. वर काजळी राहते, ती ओल्या फडक्याने पुसून काढली नाही तर हेच अक्षर बोटाला काळं करतं. क्रोम टॅन जाळू नका, तो धूर चांगला नाही. आणि पीव्हीसीचं रेक्झिन चामडं समजून लेझरखाली घातलं तर ॲसिडचा वायू निघतो, माणसालाही वाईट आणि मशीनलाही.

वरचा थर आणि परीक्षा

ॲक्रिलिकवर एक दिवस जाऊ द्या, मग पाण्यातलं ॲक्रिलिक फिनिशर स्पंजने टेकवत लावा, ओढत नाही. मार्करची अक्षरं असतील तर जास्तच जपून, स्पिरिटवालं फिनिशर लागलं की अख्खं नाव शेपटासकट पसरतं. दबलेल्या आणि लोखंडी काळ्या अक्षरांना मेणाचं पॉलिश पुरतं.

आता त्याच चामड्याच्या उरलेल्या तुकड्यावर, त्याच पद्धतीने लिहिलेल्या अक्षरावर पांढरं सुती फडकं घासा. आधी कोरडं, मग ओलं, मग मिठाच्या पाण्यात भिजवलेलं, कारण आपल्याकडे मागच्या खिशातल्या पाकिटाला घाम लागतोच, आणि शेवटी सॅनिटायझर लावून. पहिल्या तिघांत फडकं पांढरं राहायला हवं. सॅनिटायझरला ॲक्रिलिक थोडं मऊ पडतं, तेवढं गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका.

चूक झालीच तर ॲक्रिलिक ताजं असताना ओल्या फडक्याने, वाळल्यावर ॲसिटोनने निघतं. दाबलेलं आणि लोखंडाने काळं केलेलं निघत नाही. म्हणून फोनवर नाव ऐकून काम सुरू करू नका, व्हॉट्सॲपवर देवनागरीत टाइप करून मागवा, ऋतुजा का रुतुजा, शीतल का शितल ते त्यांनाच लिहू दे, आणि ब्लॉक करायला टाकायच्या आधी डिझाइनचा फोटो पाठवून 'ओके' घ्या.