पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी स्टेम सेल उपचार: होकार देण्यापूर्वी

परळीजवळच्या खेड्यात राहणारे माझे मामा पाय खाटेखाली लोंबता सोडूनच झोपत, कारण तो वर घेतला की बोटांची आग आग होई. आम्ही वाताचे दुखणे समजून तेल चोळत राहिलो आणि त्यात तीन महिने गेले. वस्तुतः रात्रीची ही वेदना म्हणजे रक्त पोहोचत नसल्याची उशिराची खूण आहे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबले की उतरते, तेव्हाच घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढून घ्यावे. ते ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास धमनी अरुंद झाली आहे असे समजावे. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो, म्हणून डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी तपासणीही करावी.

स्टेम सेलची, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या उपचाराची चौकशी त्यानंतरची. आधी अँजिओग्राफीची (धमन्यांत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या एक्स-रे चित्रांची) सीडी रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवून फुगा, स्टेंट किंवा बायपासने रक्तप्रवाह सुरू होईल का, हे विचारावे, आणि होत असेल तर तोच मार्ग धरावा. पेशी टोचल्याने बंद पडलेली मोठी धमनी उघडत नाही. त्यांतून स्रवणाऱ्या घटकांमुळे आसपास बारीक वाहिन्या वाढाव्यात, एवढाच हेतू असतो. भारतात निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशींपासून बनवलेल्या एका औषधाला २०१६ मध्ये बर्जर रोगासाठी (तंबाखूमुळे हातापायांच्या धमन्या सुजून बंद पडतात तो) मर्यादित परवानगी मिळाली. ते पोटरीच्या स्नायूत अनेक ठिकाणी टोचतात. दुसरीकडे, नेदरलँड्समधील १६० रुग्णांच्या चाचणीत स्वतःच्या अस्थिमज्जेतील पेशी धमनीत सोडूनही पाय कापावे लागण्याचे प्रमाण घटले नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून कोणी खात्री देऊ लागल्यास मी तेथून उठून यावे असेच सांगेन.

तुम्हाला सुचवलेले औषध मंजूर आहे की चाचणीतले, हे लेखी घ्यावे. चाचणी असल्यास राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आणि नैतिक समितीची मान्यता पाहावी. चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे मागणे मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही, तेव्हा त्यापायी शेत गहाण टाकू नये.

बर्जर रोगात बिडी आणि मळलेली तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय कोणताही उपचार टिकत नाही. दिवसाकाठी एखादी चिमूटही चालत नाही. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नये, भोवरी ब्लेडने कापू नये, आणि पाय अचानक पांढरा, गार व बधिर पडल्यास सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.