जुन्या मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १३५ ट्रॅक्टरमधील कारखान्याच्या खास सोयी कशा ओळखाव्यात

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातल्या बॅनर लेन कारखान्यात मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १९६४ पासून त्याच्या जागी आलेला १३५ हे ट्रॅक्टर फार मोठ्या संख्येने तयार झाले. बाहेरून सारखे दिसणारे दोन ट्रॅक्टर आतून बरेच वेगळे असू शकतात, कारण दुहेरी क्लच, मल्टी-पॉवर, डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र जखडणारी सोय), पॉवर स्टिअरिंग अशा सोयी गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार किंवा त्या त्या देशाच्या बाजारपेठेनुसार कारखान्यातच बसवल्या जात. आज असा ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याने किंवा दुरुस्तीला काढणाऱ्याने मूळचे काय आणि नंतर जोडलेले काय, हे ठरवताना एक कसोटी सतत वापरावी: ही सोय असण्यासाठी कास्टिंगच्या (ओतीव लोखंडी सांगाड्याच्या) आत काय बदलावे लागले असेल? जितका बदल खोलवरचा, तितका पुरावा भक्कम. बॉनेटवरची अक्षरे, रंग, सीट आणि चाके सहज बदलता येतात, त्यामुळे त्यांच्यावर निष्कर्ष उभारू नये.

सुरुवात डॅशबोर्डवरील नंबरपट्टीपासून करावी. पट्टी घासू नये. साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा होतो. अनेक जण फक्त आकडे टिपून घेतात, पण आकड्यांच्या आधीची अक्षरे तितकीच महत्त्वाची असतात, कारण ट्रॅक्टर कोणत्या प्रकारचा, इंजिन कोणते आणि क्लच कोणता, अशी माहिती त्यांत सांकेतिक रूपात असते. ती त्या वर्षाच्या सुट्या भागांच्या पुस्तकाशी ताडून पाहावी. इंजिनचा क्रमांक वेगळा असतो. मूळ इंजिनच्या जागी दुसरे बसवणे ही नेहमीची गोष्ट असल्यामुळे त्या क्रमांकावरून ट्रॅक्टरचे वय ठरवणे चुकीचे ठरते.

दुहेरी क्लच ओळखणे सोपे आहे. पहिल्या अर्ध्या दाबात चाकांकडे जाणारी शक्ती तुटते आणि पेडल तळापर्यंत नेल्यावर पीटीओही (अवजारांना शक्ती देणारा मागचा फिरता दांडाही) थांबतो. सपाट जागेवर, पीटीओला कोणतेही अवजार न जोडता, एकाने सीटवर बसून हळू गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवावा आणि पेडल अर्धे दाबावे. ट्रॅक्टर थांबूनही पीटीओचा दांडा फिरत राहिला, तर क्लच दुहेरी आहे. पाहणाऱ्याने बाजूला, लांब उभे राहावे. उपरणे किंवा सैल बाही फिरत्या दांड्याजवळ जाता कामा नये. हायड्रॉलिक पंपाला शक्ती पीटीओच्याच ओळीतून मिळते, म्हणून अर्ध्या दाबात अवजारे उचलणारी लिफ्ट वर येत राहणे हीही चांगली खूण आहे. मात्र क्लचची जुळवणी बिघडली असेल तर या दोन्ही चाचण्या फसवू शकतात. आधी पेडलची ढील तपासावी.

सर्वांत जास्त वेळ मल्टी-पॉवरला द्यावा. १९६२ पासून ३५ वर मिळू लागलेल्या या सोयीमुळे सहा पुढचे आणि दोन मागचे गिअर दुप्पट होऊन बारा आणि चार होतात, आणि चालत्या ट्रॅक्टरमध्ये क्लच न दाबता केवळ डॅशजवळचा लिव्हर हलवून वेग बदलता येतो. ‘हाय’मध्ये शक्ती तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमधून जाते, तर ‘लो’मध्ये ती एकाच दिशेने पकडणाऱ्या कपलरमधून जाते. हा हायड्रॉलिक क्लच झिजल्यावर पुष्कळ मालकांनी लिव्हर काढून टाकले आणि ट्रॅक्टर ‘लो’वरच चालवला, म्हणून लिव्हर नसणे हा मल्टी-पॉवर नसल्याचा पुरावा नव्हे. अशा वेळी इंजिन बंद करून, अगदी सपाट जमिनीवर, पुढचा गिअर टाकून ट्रॅक्टर ढकलून पाहावा. साधा गिअरबॉक्स दोन्ही दिशांना अडतो. मल्टी-पॉवरचा ट्रॅक्टर पुढे मोकळा घरंगळतो आणि मागे ढकलताना अडतो. ब्रेकपाशी एक माणूस हवाच.

याच गुणधर्मामुळे ‘लो’मध्ये उतारावर इंजिनचा ब्रेक लागत नाही आणि गिअरमध्ये उभा केलेला ट्रॅक्टर पुढे जाऊ शकतो. भरलेली उसाची ट्रॉली मागे असताना हे ठाऊक नसणे जिवावर बेतू शकते, तेव्हा उतार लागण्याआधीच ‘हाय’ टाकावा आणि उभा करताना हँडब्रेक लावून चाकांना अडण लावावी.

डिफरन्शियल लॉकचे पेडल उजव्या पायाशी, मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगजवळ असते. पुढच्या चाकांना अडण लावून मागची दोन्ही चाके भक्कम स्टँडवर उचलावीत, गिअर आणि पीटीओ न्यूट्रलमध्ये ठेवावेत आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट फिरते. पेडल दाबून चाक किंचित हलवले की आतले दात जुळतात आणि दोन्ही चाके एकाच दिशेने फिरू लागतात. पेडल आहे पण हा परिणाम नाही, तर आतला भाग बदललेला किंवा मोडलेला आहे.

प्रेशर कंट्रोल ही हायड्रॉलिक दाबाची सोय ओळखण्यासाठी सीटजवळच्या हायड्रॉलिक लिव्हरच्या खुणा पाहाव्यात. ओढून न्यायच्या अवजारांचे वजन मागच्या चाकांवर घेणारा त्याचा खास कपलर बहुधा हरवलेला असतो. इंजिनच्या शक्तीने चाकांमधील अंतर बदलणाऱ्या रिमवर तिरप्या पट्ट्या असतात, पण त्या दुसऱ्या ट्रॅक्टरवरूनही येतात. द्राक्षबागेसाठी बनवलेला अरुंद ट्रॅक्टर मात्र खराच वेगळा असतो, म्हणून नाशिककडच्या मंडळींनी चाके आत सरकवलेली आहेत की ॲक्सलचे हाऊसिंगच आखूड आहे, हे मोजूनच ठरवावे.

भारतात आणखी एक गुंता आहे. चेन्नईच्या टाफे कंपनीचा १०३५ याच वंशातला असून सिम्पसन कंपनीने इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीच्या परवान्यावर इंजिने बनवली, त्यामुळे इंग्लंडहून आलेल्या ट्रॅक्टरवर देशी भाग आढळणे स्वाभाविक आहे. म्हणून कोणताही भाग काढण्यापूर्वी नंबरपट्टी, पेडले, लिव्हर, डॅशवरील रिकामी भोके आणि कास्टिंगवरील क्रमांक यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक सोयीपुढे ती चाचणीने सिद्ध झाली की नुसती पाहिली, याची वेगळी नोंद करावी.